आप्पा रेडेकरांनी माफी मागावी!

६ नोव्हेंबर १९७४

आज गणपतराव आले आणि माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी मला नालायक म्हटलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

गणपतराव म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक, आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि फार पूर्वी माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा. अजून माझ्यापुढे पाठ टेकून बसत नाहीत. वाडीची कवठाची बर्फी आणली होती. मग पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांत धरून टेबलावर ठेवलं. 'चंपी म्हैस शाळेत जाते' — लेखक आप्पा रेडेकर.

'वाचलंत, बाई?'

'मी असली पुस्तकं वाचत नाही.'

खोटं नाही बोलले. मी ती लिहिते.

'यात एक हेडबाई आहे. ढणढणेबाई! हातात लाकडी पट्टी, आणि वर्गावर्गांतून ओरडत फिरते, पाठ ताठ, तोंड मिट! म्हैस तिची पट्टी खाते, बाई. चावून चावून खाते! आणि पोरं टाळ्या पिटत्यात. हे तुमच्यावर आहे. उघड उघड तुमच्यावर! हा कोण नालायक रेडेकर हाय, त्याला सोडत न्हाई मी.' राग आला की गणपतरावांची मराठी वखारीतली होते.

मी बर्फीचा मोठा तुकडा तोंडात घातला, म्हणजे बोलावं लागलं नाही.

माझ्यावर? ढणढणेबाई माझ्यावर? काहीतरीच! ती धोंडुबाईंवर आहे — माझ्या आधीच्या हेडबाईंवर. चालणं त्यांचं, दरारा त्यांचा. मीच लिहिलंय, मला माहीत नाही?

७ नोव्हेंबर

सकाळी तांबडी शाई घेऊन पुस्तक तपासायला बसले.

'पाठ ताठ, तोंड मिट' — धोंडुबाई असं कधीच म्हणत नसत. त्या नुसत्या खोकत, आणि वर्ग गार होई. 'पाठ ताठ' मी म्हणत असे. सेवानिवृत्त होईपर्यंत रोज.

चष्मा कपाळावर सरकवून तो घरभर शोधणारी ढणढणेबाई — धोंडुबाईंना चष्माच नव्हता.

इतकं तपासल्यावर पुढचं वाचवेना, म्हणून चष्मा पुसायला घ्यावा म्हटलं. सापडेना. कपाळावर होता.

८ नोव्हेंबर

शाहूपुरीत बसाप्पाच्या छापखान्यात गेले. लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापणारा माणूस. माझ्या हट्टापायी पोरांची पुस्तकं छापू लागला. आप्पा रेडेकर कोण हे जगात त्याला एकट्याला माहीत आहे.

'तुला कळलं होतं, ढणढणेबाई कोण ते?'

'व्हय की! पहिल्या पानाला कळलं. मला वाटलं, तुम्ही मुद्दामच घातलंय. म्हटलं, बाईंचं काळीज मोठं हाय.'

आता याला काय सांगायचं!

गणपतराव तिथे आधीच जाऊन आले होते. दिवाळीनंतर शाळेत निषेध सभा. रेडेकरांनी हजर राहून माझी जाहीर माफी मागायची. नाहीतर संस्थेच्या सगळ्या शाळांतून पुस्तकं परत.

'आणि दुसरं पुस्तक?' मी विचारलं. 'चंपी पन्हाळ्याला जाते'च्या निम्म्या पानांचे खिळे जुळवून झालेत.

'शाळांनीच नको म्हटलं तर छापून काय बंबात घालू? बाई, सरळ उभं ऱ्हावा आणि नाव सांगून मोकळं व्हा की. कोण तुम्हाला काय म्हणतंय?'

कोणी काही म्हणणार नाही. तीच तर भीती आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पुस्तक नुकतंच बाहेर पडलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शांतव्वा भाजीवालीची नात पायरीवर बसून चंपी वाचत होती आणि हसत होती. इतकी हसत होती की तिला उचकी लागली. मी तिथेच उभी राहिले. चांगलं काही लिहून झालं की काय वाटतं ते मला कॉलेजात असल्यापासून ठाऊक आहे, पण असं काही कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात पोरीनं वर पाहिलं. पुस्तक मिटलं. उभी राहिली. पाठ ताठ. उचकीसुद्धा बंद!

'वाच, वाच,' मी म्हटलं. तर तिनं वाचलं — मोठ्यांदा, स्पष्ट, परीक्षेत धडा वाचतात तसं. एकदाही हसली नाही.

माझं नाव कळलं तर सगळ्या गावातली पोरं चंपी अशी वाचतील. मग लिहायचं कशाला? त्यापेक्षा व्याकरण लिहीन.

१० नोव्हेंबर

माई आणि मी. दोघीच. माई माझी थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यापासून माझ्याकडे असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अजून पिकायचाय, जानेवारीत शस्त्रक्रिया करू म्हणतात डॉक्टर. तोवर संध्याकाळी तिला काहीतरी वाचून दाखवायचं हा माझा नेम. सध्या तिनंच चंपी मागितली. गावात एवढी चर्चा, मग तिला नको का कळायला?

तिची टीका चालूच असते. 'हा रेडेकर बाप्या असणार. बाई असती तर म्हैस शाळेत जाण्याआधी तिची धार काढायला विसरली नसती.' खरं आहे! दुसऱ्या आवृत्तीत घालायला हवं. मी रोज संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन, समोर म्हशीची धार काढून देतात ते धारोष्ण दूध पिते, चंपी मला तिथेच भेटली, आणि तरी मी धार विसरले!

ढणढणेबाई आल्यावर माई म्हणाली, 'अगंबाई, ही तू आहेस की!' मोतीबिंदू असूनही दिसलं तिला.

चौथं प्रकरण संपलं. मी सहावं सुरू केलं.

'पाचवं कुठाय?'

'छापखान्याचा घोटाळा. पानंच नाहीत.'

पाचव्यात कपिलाकाकू आहे. गल्लीतली म्हातारी गाय. दिवसभर कुंपणावर मान ठेवून सगळ्यांचं ऐकते, निम्मं समजते आणि दुप्पट सांगते. लोकांच्या दारातला ऊस खाते आणि म्हणते, 'मी नव्हे बाई, उंदीर!' — हे मी नीट ठरवून, शुद्धीत लिहिलेलं आहे. धोंडुबाईंचा इथे काही संबंध नाही.

१३ नोव्हेंबर

दिवाळी. बेसनाचे लाडू संपले. मी एकही खाल्लेला नाही. माई म्हणते, उंदीर.

१७ नोव्हेंबर

सभेची जाहिरात निघतेय. 'आदरणीय श्यामलाबाईंचा अवमान! आप्पा रेडेकरांनी माफी मागावी!' कुठे छापतायत? बसाप्पाकडे!

'धंदा हाय, बाई,' म्हणाला. वर पहिलं मुद्रित मलाच तपासायला आणलं.

तपासलं. मजकूर फारच मिळमिळीत. 'रेडेकरांनी' च्या आधी 'निर्लज्ज' घातलं. आता बरं दिसतं.

२० नोव्हेंबर

बसाप्पाची नवी युक्ती. त्याचा मेव्हणा रुद्रय्या निपाणीहून आलाय. 'झुबकेदार मिशा हायत. लेखक म्हणून शोभंल. कानडी बोलतोय, मराठी जेमतेम. सभेत हात जोडून माफी मागंल, आणि कशाची मागतोय ते त्याचं त्यालाबी कळणार न्हाई. म्हणजे त्याला लाजबी वाटणार न्हाई!'

वेडेपणा आहे. मी रुद्रय्याला परीक्षेला बोलावलं.

'सांगा पाहू, पुस्तकात चंपी काय खाते?'

त्यानं मिशीवरून हात फिरवला, बसाप्पाकडे पाहिलं, आणि ठामपणे म्हणाला, 'हुल्लु, अक्का.'

गवत! एवढं कानडी मला येतं. म्हैस या दृष्टीनं उत्तर बरोबर. पुस्तकाच्या दृष्टीनं शून्य. चहा देऊन परत पाठवला.

मग ठरवलं. मीच उभी राहणार. नाव सांगणार. पुस्तकं शाळांत राहतील, दुसरं निघेल, बसाप्पाचा छापखाना चालेल. आणि पोरं पाठ ताठ करून वाचतील. वाचू देत!

२४ नोव्हेंबर. रविवार

सभा झाली. 

शाळेचा मोठा हॉल खच्चून भरलेला. पुढे मुलं, मागे माजी विद्यार्थी — टक्कल पडलेले, पण मी आत गेले तसे सगळे उठून उभे. बसा म्हणेपर्यंत कोणी बसलं नाही. पहिल्या रांगेत मी, शेजारी माई. तिला म्हटलं होतं, घरी राहा. 'दिसत नसलं तरी ऐकायला येतंय की मला!'

गणपतरावांनी भाषण केलं. बाईंच्या पट्टीनं आम्हाला माणूस केलं. त्या पट्टीची ही विटंबना! मग पुरावा म्हणून त्यांनी तेच पान वाचायला घेतलं — चंपी पट्टी खाते ते. सुरुवात फार गंभीर. ढणढणेबाई पट्टीचं दुसरं टोक ओढतायत, चंपी सोडत नाही, बाई ओरडतायत 'तोंड मिट!', आणि चंपी गुणी विद्यार्थिनीसारखी तोंड मिटते — पट्टीसकट! मुलांत खसखस पिकली. माजी विद्यार्थी रुमाल तोंडाला लावून बसले. आणि गणपतराव! 'पट्टीसकट' या शब्दाला त्यांचा आवाज चिरकला. पाठ फिरवली, बराच वेळ खोकले. खांदे हलत होते. कसला खोकला! हा माणूस पहिल्यांदा वाचताना लोळून हसला असणार, आणि मग त्याला वाईट वाटलं असणार.

तोंड पुसून ते गरजले, 'आप्पा रेडेकर सभेत असतील तर त्यांनी उभं राहावं!'

सगळे माना वळवून मागे बघायला लागले. मी खुर्चीच्या हातावर भार दिला. अर्धी उठलेही होते. तर मनगटावर एक पंजा पडला आणि त्यानं मला दाणकन खाली बसवलं. आणि माई उभी राहिली.

'मी.'

मागे वळलेल्या सगळ्या माना पुढे फिरल्या.

'आप्पा रेडेकर मीच. काय म्हणणं आहे तुमचं?'

गणपतरावांचं तोंड उघडं. 'माई — तुम्ही? पण तुम्ही बाईंची — अशी चारचौघांत —'

'माझी धाकटी बहीण आहे ती. तिची थट्टा मी नाही करायची, तर कुणी करायची? तुम्ही?'

मागच्या रांगा फुटल्या. माई थांबेना. 'थोरलीनं धाकटीची खोड काढली म्हणून धाकटीची माफी मागायची, असा कायदा कोल्हापुरात कधी झाला? कुणाच्या घरात झाला? तुमच्या आक्का आहेत ना घरात? जा, विचारा त्यांना, आणि मग मला सांगा.'

गणपतरावांच्या आक्काला मी ओळखते. तीही तिथेच बसली होती, बायकांच्या बाजूला. ती म्हणाली, 'गणप्या, खाली बस.'

ते बसले. बसताबसता बिचाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'बाई, आपलं काय म्हणणं?'

मी उभी राहिले. सगळ्यांच्या पाठी ताठ. 'थोरल्या बहिणीपुढे माझं काही चालत नाही,' मी म्हटलं. टाळ्या! माझ्यासाठी आणलेला हार माईच्या गळ्यात गेला. मुलांनी तिला गराडा घातला. 'चंपी पुढं काय करती ओ, आज्जी?' माई एखाद्या लेखकाला शोभेल अशी हसली.

पुस्तक बचावलं. बसाप्पा दारात उभा राहून नुसता डोळे पुसत होता.

२५ नोव्हेंबर

सकाळी चहाला विचारलं, 'तुला कधी कळलं?'

'पहिल्या संध्याकाळी. पान उलटल्याचा आवाज येईना. तू आपली घडाघडा म्हणतेयस. दुसऱ्याचं पुस्तक कुणी असं तोंडपाठ म्हणतं होय?'

'आणि गप्प बसलीस?'

'तू बोललीस?'

१२ डिसेंबर

माईचा थाट बघण्यासारखा आहे. रोज दुपारी शाळा सुटली की ओट्यावर पोरांची गर्दी. माई मधोमध, पाटावर. चंपीच्या नव्या गोष्टी रचून सांगते. रचना शून्य! काल चंपी रंकाळ्यात पोहायला गेली आणि आज तिचं लग्न ठरलं — मध्ये काहीच नाही! नवरदेव कोण, तो कुठून आला, काही पत्ता नाही. पोरं लोळतायत हसून.

मी आत बसते आणि ऐकते. 'चंपी पन्हाळ्याला जाते' छापून झालं, मुखपृष्ठ सुरेख आलंय, बसाप्पा खूश. मला आनंद व्हायला हवा. झालाय. थोडा.

पाणी द्यायला म्हणून एकदा बाहेर गेले. सगळी पोरं ताठ. शांतव्वाच्या नातीनं तर हाताची घडी घातली. मी तांब्या ठेवला आणि आत आले. दार लोटल्याबरोबर हसू पुन्हा सुरू.

माझी म्हैस, माझी बाई, माझी पट्टी. आणि हसणं मात्र माईच्या ओट्यावर! जळफळाट झाला, हे इथे लिहायला हरकत नाही. चिडून बेसनाचे लाडू केले. डबा वरच्या फळीवर ठेवलाय.

१४ डिसेंबर

वरच्या फळीवरही उंदीर पोचला.

१८ जानेवारी १९७५

माईची शस्त्रक्रिया नीट झाली. डोळ्यांवर पट्टी. डॉक्टरांनी वाकायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही असं बजावलंय. पोरांना बंदी. पोरांनी खिडकीत पेरू ठेवले आणि पळाली.

माई पट्टीआडून म्हणाली, 'शामे, त्या पाचव्या प्रकरणाची पानं सापडली का गं?'

'नाही.'

'हं.'

हे 'हं' मला आवडलं नाही.

२ मार्च

माईला चष्मा मिळाला. जाड भिंगांचा. डोळे बशीएवढे दिसतात. घरी आल्या आल्या आधी देवाला पाहील म्हटलं, मला पाहील म्हटलं. नाही! 'पुस्तक दे.'

सरळ पाचवं प्रकरण काढलं. नाकाशी धरून वाचत बसली. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. एकदाही हसली नाही. पान उलटल्याचा आवाज मात्र व्यवस्थित येत होता.

शेवटी हाक मारली. 'शामे. कुंपणावर मान ठेवते होय मी?'

'गोष्टीतली गाय आहे, माई.'

'उंदीर काय? बरं.'

उठली. लाडवांचा डबा काखेत घेतला — उघड उघड, माझ्यादेखत! ओट्यावर गेली. पोरं जमलेलीच होती. आणि मी थांबवायच्या आत गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगून टाकलं, 'ऐका रे! आप्पा रेडेकर मी नव्हे. मी थाप मारली होती. चंपी लिहिणारी ती आत बसलीय. ढणढणेबाई स्वतः!'

कोणी हसलं नाही. कोणी हललं नाही. मग पायांचे आवाज, एकेक करून, गल्लीच्या तोंडापर्यंत.

४ मार्च

ओटा रिकामा.

५ मार्च

रिकामाच. माईनं पाट मांडला, बसली, उठली, पाट उचलला. संध्याकाळी म्हणाली, 'शामे, जरा जास्तच झालं का गं माझं?' मी ताटं घेतली. दोघींनी मिळून मुगाची खिचडी खाल्ली. डबा तिनं परत फळीवर ठेवला. लाडू तसेच होते.

वही उघडली होती, चंपीचं तिसरं लिहायला. मिटून ठेवली.

७ मार्च

संध्याकाळी गंगावेशीत गेले होते. दूध पिऊन पेला परत देतेय, तोच मागे कोणीतरी रेकलं. म्हैस नव्हती, म्हशी सगळ्या माझ्यासमोर होत्या. मी वळले. शांतव्वाची नात आणि चार-पाच पोरं. पाठी ताठ, तोंडं मिटलेली, डोळे आभाळात. मी चालू लागले. पुन्हा रेकलं — या वेळी सगळ्यांनी मिळून.

मी थांबले. वळले नाही. चष्मा कपाळावर सरकवला, आणि भर गंगावेशीत, कट्ट्यावरच्या सगळ्या गिऱ्हाइकांदेखत, जोरात रेकले.

मागे कोणालातरी उचकी लागली.